अकरा सेकंद

“बाई, तुम्ही गप्प बसलासा की हे मशीन गाणं लावतंय,” इम्तियाज म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि सकाळचा धडा प्रसारणात जसा गेला होता तसा लावून दाखवला. माझाच आवाज आला. “सात आणि पाच किती? करा बघू.” मग शांतता. मी मनात मोजू लागले. सहाव्या सेकंदाला ढोलकी कडाडली आणि कुठलंसं लग्नातलं गाणं सुरू झालं.

“मग पुढे?”

“पुढं कुठलं काय? धडा गेला. एक गाणं, दुसरं गाणं, तिसरं गाणं. अकरा वाजेपर्यंत गाणीच.”

“आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?”

“आलं की. बाजारातनं दोघांचे फोन आले. म्हणाले, आज लई झकास कार्यक्रम लावलाय.”

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. आमच्या तालुक्याच्या गावी एका शिक्षण संस्थेचं लहानसं रेडिओ केंद्र होतं. कॉलेजच्या गच्चीवर मनोरा, खाली दोन खोल्या. आवाज दहा-बारा किलोमीटरच जायचा. पण समोरच्या डोंगरावरच्या वाड्यांना मनोरा थेट दिसायचा, त्यामुळे तिथे तो गावातल्यापेक्षा स्वच्छ पोचायचा. त्या वाड्यांवर एकशिक्षकी शाळा. चार वर्ग, एक गुरुजी. चौथीला शिकवायला घेतलं की पहिली-दुसरी नुसती बसून राहायची. म्हणून मी निवृत्त झाल्यावर रोज सकाळी साडेदहा ते अकरा रेडिओवरून पहिली-दुसरीला गणित शिकवायचं ठरलं. चार वर्षं तो धडा चालू होता.

माझी पद्धत साधी होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. वर्गात तेहतीस वर्षं मी तेच केलं होतं. बहुतेक मास्तर प्रश्न विचारतात आणि मुलाने तोंड उघडायच्या आत उत्तर सांगून टाकतात. स्टुडिओत समोर मूल नसायचं, म्हणून मी स्वतः बोटं मोजायची. तीही भराभर नाही, सावकाश शिकणारं पोर मोजेल तशी. मोजून झालं की मग म्हणायची, “बारा! शाब्बास!” एकदा इम्तियाजने घड्याळ लावून पाहिलं. दर वेळी अकरा सेकंद. क्वचित बारा.

इम्तियाज दरवाजकर आमचा तंत्रज्ञ. चाळिशीचा माणूस, आधी बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. पूर्वी तो माझ्या धड्याची सीडी स्वतः लावायचा आणि माझ्या अकरा सेकंदांत चहाचा घोट घ्यायचा. आता संस्थेने नवीन कॉम्प्युटर आणला होता. दिवसभराचे कार्यक्रम त्याच्यात भरून ठेवले की तो एकामागून एक आपण होऊन लावायचा. आणि सहा सेकंद आवाज आला नाही, तर काहीतरी बंद पडलं असं समजून पुढच्या कार्यक्रमावर उडी मारायचा.

“ती सोय धड्यापुरती बंद नाही का करता येणार?”

“येतीय. पण सरनोबत सरांनी हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय.”

सरनोबत सर केंद्राचे प्रमुख. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते खिडकीत उभं राहून खालच्या सलूनमधला रेडिओ ऐकत होते. तो आमचा नव्हता. शहरातल्या नव्या खासगी चॅनेलने घाटात उंच टॉवर टाकल्यापासून सगळ्या बाजारपेठेत तेच वाजायचं.

“ऐका बाई, ऐका,” ते म्हणाले. “तो पोरगा श्वाससुद्धा घेत नाही बोलताना. आणि आपण? अर्ध्या तासात पावणेचार मिनिटं काहीच वाजवत नाही. मी हिशेब केलाय.”

“मुलं तेव्हा विचार करत असतात.”

“मुलं करत असतील. सलूनवाला करत नाही. तो काटा फिरवतो. रेडिओवर शांतता म्हणजे शटर ओढलेलं दुकान.”

“सलूनवाल्यासाठी नाहीच तो धडा.”

“माहीत आहे मला.” ते खुर्चीत बसले. “पण गेल्या महिन्यात दोन तास प्रसारण बंद होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, आठवतंय ना? संचालकांनी मला उभं करून विचारलं. ते मशीन आता चोवीस तास जागं राहणार. तुम्ही मधल्या जागा काढून टाका, धडा सलग करा. नाहीतर शनिवारच्या बैठकीत तो अर्धा तास फर्माइशीला जातोय. बहुतेकांचं मत तसंच आहे. मी एकटा किती ओढणार?”

“आणि मधल्या जागा ठेवूनही मशीनने उडी मारली नाही तर?”

“मग मी बैठकीत तुमच्या बाजूने बोलेन. पण मला काहीतरी ऐकवा. नुसतं ‘मुलं विचार करतात’ यावर संचालक हलणार नाहीत.”

तो मंगळवार होता. शनिवारपर्यंत चार दिवस.

इम्तियाज म्हणाला, “शांतता नको ना त्याला? मग आपण आवाज देऊ. बारीकसा.” त्याने घड्याळाची टिकटिक घालून दाखवली. मी नको म्हटलं. टिकटिक ऐकली की पोर घाईला येतं. त्याने तंबोरा घातला. मी म्हटलं, झोपतील. त्याने पावसाची रिपरिप घातली आणि स्वतःच उठून लघवीला गेला. परत आल्यावर म्हणाला, “हे पण नको.”

मग मलाच सुचलं. त्या अकरा सेकंदांत वर्गात काय आवाज असतो? पाटीवर पेन्सिल ओढल्याचा, कुणी नाक ओढल्याचा, कुजबुजीचा. तोच आवाज आणून तिथे घातला तर? मशीनला आवाज मिळेल आणि एका वाडीवरच्या मुलांना कळेल की दुसऱ्या वाडीवरची मुलंही आत्ता बोटं मोजतायत.

“आणि सरनोबत सरांना ऐकवता पण येईल,” इम्तियाज म्हणाला. “पोरं खरंच विचार करत्यात ते.”

गुरुवारी आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून डोंगरावरच्या सुळेखिंडीला गेलो. धनगरवाड्याची शाळा, एकोणीस मुलं. तिथले गुरवगुरुजी मला पत्रं लिहायचे. ‘आपल्या धड्यामुळे मुले अचूक उत्तरे देतात,’ असं दर पत्रात असायचं. ती पत्रं मी जपून ठेवली होती. माणूस पन्नाशीचा, बारीक, टोपी घातलेला. आम्हाला बघून इतके गडबडले की खडू खिशात घालून पाणी आणायला धावले.

मशीन आल्यापासून धडा लागलाच नव्हता, म्हणून इम्तियाजने सीडी आणि प्लेअर आणला होता. रेकॉर्डर खिडकीत ठेवला.

“बाई, तुम्ही भायेर बसा,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही समोर असलासा की पोरं बुजतील. रेडिओत बाई मावतात कशा, म्हणून इचारत असत्यात मला.”

मला ते पटलं. आम्ही दोघं वडाच्या पारावर जाऊन बसलो. आतून माझा आवाज यायचा, मग काहीच नाही, आणि मग एकोणीस गळ्यांमधून एकदम उत्तर. प्रत्येक उत्तर बरोबर.

“लई तयारीची पोरं हायत,” इम्तियाज म्हणाला.

मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी स्टुडिओत इम्तियाजने रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं. आवाजाची हिरवी रेघ पडद्यावर दिसत होती. मी हेडफोन घातला. “सात आणि पाच किती? करा बघू.” पेन्सिली सरकल्या. कुणीतरी खोकलं. आणि चौथ्या सेकंदाला एक दबका, पुरुषी आवाज आला. “बारा.” थोडी चुळबुळ झाली. मग सगळे मिळून, “बारा!” आणि त्यावर लगेच मी, “बारा! शाब्बास!”

“पुढचं लाव.”

“नऊ आणि चार किती?” तीन सेकंद. “तेरा.” मग सगळी, “तेरा!” “शाब्बास!”

आम्ही अठरा प्रश्न ऐकले. अठराही वेळा गुरुजी मुलांच्या आधी उत्तर सांगत होते.

इम्तियाजने माझ्याकडे पाहिलं नाही. तो पडद्याकडे बघत म्हणाला, “हे कापता येतंय. दर वेळी अर्धा सेकंद. दहा मिनिटांचं काम हाय. सरनोबत सरांना काय, कुणालाच कळायचं न्हाई.”

“खरंच नाही कळणार?”

“तुम्हाला पण न्हाई कळणार, बाई.”

त्याने एक कापून दाखवलं. खरोखर काही कळत नव्हतं. पेन्सिली, खोकला, चुळबुळ, आणि मग मुलांचं बरोबर उत्तर. मी चार वर्षं जे मनात ऐकत आले होते, ते हुबेहूब तसंच ऐकू येत होतं. सरनोबत सर शुक्रवारी चार वाजता ऐकायला येणार होते.

“कापलेलं एक ठेव,” मी म्हटलं. “न कापलेलं पण ठेव.”

शुक्रवारी सकाळच्या एस्टीने मी एकटीच सुळेखिंडीला गेले. फाट्यावर उतरून दीड तास चढ. माझ्या मनात गुरुजींना काय काय बोलायचं ते ठरलेलं होतं. चढ संपेपर्यंत त्यातलं बरंच गळून गेलं, तरी मुद्द्याचं शिल्लक होतं.

मधली सुट्टी होती. गुरुजी ओट्यावर बसून डबा खात होते. मला बघून त्यांनी भाकरी परत डब्यात ठेवली.

“जेवा तुम्ही,” मी म्हटलं. “एकच विचारायचंय. मुलांना उत्तर तुम्ही सांगता?”

ते डब्यातल्या भाकरीकडे बघत राहिले. मी वाट पाहिली. वाट पाहण्याची मला सवय होती.

“ऐकू आलं व्हय त्यात?”

“आलं.”

“मला वाटलं, एवढं बारीक बोललेलं यायचं न्हाई.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आधी न्हवतो सांगत, बाई. तुमची आण. पयली दोन वर्सं एक शबूद न्हाई सांगितला.”

“मग?”

“मग तो हरी झोरे.” त्यांनी मैदानाकडे बोट दाखवलं. तिथे सात-आठ मुलं चेंडूमागे धावत होती. त्यातला हरी कोणता ते मला कळलं नाही. “त्यानं पाटीवर सात नि पाच नऊ लिवलं. मी म्हटलं, चुकलं रं. तर म्हनतोय कसा, गुर्जी, चुकलं कसं? मी नऊ म्हनलो आनि रेडिओवाल्या बाई शाब्बास म्हनल्या.”

मी ओट्यावर टेकले.

“मी त्याला सांगितलं, बाईंनी बारा म्हटलं होतं. तर म्हनतोय, बारा त्या बाकीच्यांना म्हनल्या, शाब्बास मला म्हनल्या. आता काय बोलनार? पोरगं दोन दिवस नाचत होतं सगळ्या वाड्यावर. एवढ्या लांबनं बाईंनी शाब्बास म्हटलं म्हनून. त्याच्या आयनं गूळ वाटला.” गुरुजी टोपी काढून परत घालू लागले. “आनि जी गप बसायची, त्यांना बी शाब्बास. तुमची शाब्बासकी ठरलेली, बाई. कोन काय बोललं ते तुम्हाला कुठलं ऐकू येनार? मग म्यां म्हटलं, आपनच आधी सांगावं. निदान तुमची शाब्बासकी खोटी पडू नये.”

“मला पत्रात का नाही लिहिलंत?”

“काय लिवू? तुम्ही एवढं करतायसा. दुसरं कोन बोलतंय आमच्या पोरांशी?”

तेहतीस वर्षांत मी वर्गात एकाही मुलाला न ऐकता शाब्बास म्हटलं नव्हतं. त्याबद्दल माझा लौकिक होता. पोरं म्हणायची, नलवडेबाईंकडून शाब्बास काढणं म्हणजे विहिरीतून बैल काढणं. आणि स्टुडिओत, बंद दाराआड, भिंतीला तोंड करून मी ती रोज वीस वेळा वाटत होते. अकरा सेकंदांचा मला एवढा अभिमान होता की बाराव्या सेकंदाला मी काय बोलते, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

चार वाजता सरनोबत सर आले. इम्तियाजने माझ्याकडे पाहिलं. त्याची दोन बोटं दोन बटणांवर होती.

“न कापलेलं,” मी म्हटलं.

सरांनी पाच-सहा प्रश्न ऐकले. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“हे कोण बोलतंय?”

“गुरुजी.”

“हे तुम्ही मला का ऐकवताय?” ते चिडले होते, पण आवाज चढला नव्हता. “मी उद्या तुमच्या बाजूने बोलणार होतो. चार ओळी लिहूनसुद्धा आणल्या होत्या. हा इम्तियाज काय झोपला होता? कापता येत नाही हे?”

“कापून तयार हाय, सर,” इम्तियाज म्हणाला.

“मीच नको म्हटलं,” मी म्हणाले आणि हरी झोरेची गोष्ट सांगितली. गूळ वाटल्याचं ऐकून त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

“सगळ्याच शाळांत असं होत असेल?”

“मला माहीत नाही. एवढं कळलं की चार वर्षं मला काहीच माहीत नव्हतं.”

“मग उद्या मी काय सांगू त्यांना?”

“मशीनला आवाज लागतो, तो मुलांचा देता येईल. मी वाडीवर जाऊन वर्गातच धडा घेईन, इम्तियाज तो रेकॉर्ड करेल, मग तो लावायचा. खरं मूल, खरं उत्तर. चुकलं तरी ठेवायचं.”

“रोज एका वाडीवर जाणार? तुमचं वय काय, बाई?”

“रोज नाही जमणार.”

“मग रोजचा अर्धा तास मी मागू कशाच्या जोरावर?”

त्यांनी खिशातून कागद काढला, चार ओळींवर काट मारली आणि पाठीमागे काहीतरी लिहू लागले.

शनिवारी अर्धा तास गेला. सोमवारपासून साडेदहाला फर्माइश सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात तिला इतके फोन आले की सलूनवालाही अधूनमधून आमच्याकडे काटा फिरवू लागला. मला आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, पाव तास मिळाला. तोही सहा महिन्यांच्या बोलीवर. सरनोबत सरांनी तो कसा मिळवला, ते मला सांगितलं नाही. जुन्या धड्यांच्या सीड्या मी इम्तियाजकडून मागून घेतल्या आणि घरी नेऊन फोडल्या. तो म्हणाला, “पुसता आलं असतं की, बाई.” मी म्हटलं, “असू दे.”

नव्या पद्धतीचा पहिला धडा सुळेखिंडीलाच घेतला. मी मुलांच्या समोर मांडी घालून बसले. इम्तियाज खिडकीपाशी रेकॉर्डर घेऊन, हेडफोन लावून. गुरुजी नेहमीच्या जागी, फळ्याजवळ.

“आठ आणि सहा किती?” मी विचारलं. “हरी, तू सांग.”

तिसऱ्या ओळीतला एक काळासावळा, कान मोठे असलेला मुलगा उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याची मान सरळ फळ्याकडे वळली. गुरुजींचे ओठ हलले आणि थांबले. मग ते खडू ठेवून म्हणाले, “मी जरा पान्याचं बघतो,” आणि बाहेर गेले. दार त्यांनी ओढून घेतलं.

हरी दाराकडे बघत राहिला. मग त्याने बोटं उघडली. आठ झाली, नऊ, दहा. बोटं संपली. तो तसाच उभा. अकरा सेकंद केव्हाच होऊन गेले होते. शेजारच्या बाळी कोकरेने काही न बोलता आपला पंजा त्याच्यापुढे धरला. त्याने तिची चार बोटं एकेक करून दाबली.

“चौदा,” तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. त्याने इम्तियाजच्या हातातल्या रेकॉर्डरकडे पाहिलं. तिथूनही काही आलं नाही. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. त्याने बाळीचा पंजा परत ओढून घेतला, पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मोठ्याने, एकेक बोट धरून. चौदावर आला तेव्हा त्याने ते बोट सोडलं नाही.

“चौदाच हाय,” त्याने मला जरा रागानेच सांगितलं.